पाण्यानं भरलेली पोर

कड्याच्या अलीकडे

“आज्जे, हिची मान लुळी पडली.” रूपाली एवढंच म्हणाली. ओरडली नाही.

मी शाल बाजूला केली. पोर गार होती. थंडीनं हातपाय गार पडतात तशी नाही, पोटापासून गार, रात्रभर अंगणात राहिलेल्या हंड्यासारखी. डोळे अर्धे उघडे होते. पापणीला बोट लावलं तरी मिटेना. कपाळावर मात्र घाम. छातीला कान लावला तर धडधड ऐकू आली, भिंतीपलीकडून यावी तशी.

“दत्ता, गाडी थांबीव,” मी म्हणाले.

“आजी, आष्टी मागं पडली. आता कडा, मग नगरच. थांबून कसं जमंल?”

“थांबीव म्हनते ना! मेलेली पोर नगरला नेऊन काय करतो?”

चहाच्या एका टपरीपुढे जीप उभी राहिली. दत्ता म्हणजे रूपालीचा नवरा. गाडी तोच चालवत होता.

तो गार घाम माझ्या ओळखीचा होता. मला साखरेचा आजार आहे. गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की मलाही तसाच घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यासाठी मी कनवटीला साखरेची डबी ठेवते. चिमूटभर साखर थेंबभर पाण्यात ओली केली आणि पोरीच्या जिभेखाली बोटानं सारली. दत्ता पाण्याची बाटली घेऊन आला. मी त्याच्या हातावर चापट मारली. शुद्धीत नसलेल्या लेकराच्या घशात पाणी ओतलं तर ते छातीत जातं, एवढं मला कळतं.

टपरीवाली पुढे आली. तिनं बघितलं आणि रूपालीला म्हणाली, “शाल गुंडाळून काय हुतंय बाई? ती ऊब देती का? तुझ्या अंगाशी धर. कापडावरनं न्हाई, कातड्याला कातडं.” जीपच्या मागच्या बाजूला तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर आडोशाला धरला. रूपालीनं पोरीला उघडी करून छातीशी घेतलं, वरून दोन शाली घातल्या. मी पुन्हा साखर सारली, थोड्या वेळानं पुन्हा.

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या बोटाला जीभ हलल्यासारखी वाटली. ती साखर शोधत होती.

“चला आता,” मी म्हणाले.

खर्डा

इथपर्यंत कसे आलो ते सांगते. ईश्वरी माझी पणती, माझ्या नातीची पोरगी. वय दोन वर्षं. मी श्रीगोंद्याची. आमच्याकडे ऊस, पाट, कारखान्याचा भोंगा. पौषात रूपालीचा फोन आला, “आज्जे, हुरड्याला ये,” आणि सोबत पोरीचा फोटो. गाल नुसते फुगलेले. “बघ, ईश्वरीनं बाळसं धरलंय.”

कर्जतवरून जामखेड आणि जामखेडवरून खर्डा, अशी एसटीनं गेले. त्या बाजूला कधी गेला नसाल तर मनानं तयारी ठेवा. कर्जत सोडलं की हिरवं कमी होत जातं. पुढे ज्वारी, हरभरा आणि मधे नुसतं आभाळ. आमच्याकडे उसामुळे आभाळ पुरतं दिसतच नाही. खर्ड्याला किल्ला आहे. लांबून तो एखाद्यानं रानात पेटी ठेवून विसरल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की मान वर करावी लागते.

रूपालीची सासू कमळाबाई. खातंपितं घर आहे. दावणीला दोन म्हशी, शेळ्या, कोंबड्या. त्या दिवशी पाहुणे होते म्हणून शिपी आमटी केली होती. ही आमटी त्या भागातच खावी. तीन-चार डाळी एकत्र शिजवतात, काळा मसाला घालतात आणि पातळ, जाळ अशी वाटीनं पितात. नाकातून पाणी येतं आणि तरी माणूस वाटी पुढे करतो. मी तीन वाट्या प्यायले. त्याच पंगतीत ईश्वरीपुढे वाटी ठेवली होती तांदळाच्या पेजेची. मीठसुद्धा नावाला.

“हिला डाळ न्हाई?” मी विचारलं.

“पथ्य हाय,” कमळाबाई म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी गोवर निघाला हुता. गोवर निघालेल्या लेकराला डाळ, दूध, अंडं, तेल काय चालत न्हाई ईनबाई. मधी एकदा डाळ दिली तर जुलाब लागले. तवापासनं म्या कडक पथ्य ठिवलंय. पेज आन चहा-खारी.”

“आन गोवर जाऊन किती दिस झाले?”

“लई झाले. पर पथ्य सोडायचं कुनी सांगितलं न्हाई.”

पथ्य लावणारे सगळे असतात, सोडणारा कोणी नसतो. आमच्याकडेही तसंच. कमळाबाईंनी ते नवसासारखं पाळलं होतं. घरातल्या पोरीला उपाशी मारावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पेजेसाठी तांदूळ त्या स्वतः निवडत.

मी पोरीला मांडीवर घेतली. ती माझ्याकडे बघेना, रडेना, हसेना. केस विरळ आणि तांबूस झालेले. मांडीची कातडी काही ठिकाणी काळी पडून भिंतीच्या जुन्या रंगासारखी सुटत होती. पाय गुबगुबीत. मी पावलावर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला. मळलेल्या कणकेत पडतो तसा. मी वाट बघत राहिले. मांस असतं तर ते वर आलं असतं. खड्डा तसाच राहिला.

माझा जन्म शेळ्यांमागं गेला. पोटात जंत झालेली शेळी असते. तिच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबते. नवख्याला वाटतं, शेळी गळ्यानं भरली. ती भरत नसते, ती जायला निघालेली असते. आतून फिकट, बाहेरून फुगलेली.

“ईनबाई,” मी म्हणाले, “ही पोर जाड न्हाई झाली. हिच्यात पानी भरलंय.”

“नजर लावू नका!” कमळाबाई उसळल्या. “अंगनवाडीत काट्यावर ठिवली हुती. वजन बरूबर भरलं.”

“पान्याला बी वजन असतंय की.”

दत्तानं नगरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथं कुपोषित पोरांची वेगळी खोली आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. फोनवरचं माणूस म्हणालं, लगेच घेऊन या, रक्त तपासायला लागेल.

रक्त तपासायचं म्हटल्यावर आम्ही सगळे शहाणे. माझी साखर रिकाम्या पोटी तपासतात. दत्ताच्या बापाचीही तशीच तपासायचे. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, मीसुद्धा त्यात, ठरवलं की पोरीला संध्याकाळपासून काही द्यायचं नाही. ती मागतही नव्हती, त्यामुळे सोपं गेलं. सकाळी धुक्यात निघालो. कड्याच्या अलीकडे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

नगर

पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण एसटीतला कंडक्टर अजून नगरच ओरडतो. शहरात शिरताना किती दुकानं आणि किती पूल लागले ते मी बघितलं नाही. दवाखान्याची खोली तेवढी सांगते. उबदार, खिडक्या बंद, भिंतीवर हत्ती आणि पोपट रंगवलेले, तीन खाटा. एका खाटेवर अयान नावाचा पोरगा, सगळी हाडं मोजून घ्यावीत असा वाळलेला. त्याची आजी त्याच्याजवळ. नगरचीच, मुसलमान, तिला सगळे खाला म्हणत. कोपऱ्यातल्या खाटेवर एक मुलगी, आमच्या ईश्वरीसारखीच फुगलेली. तिची आई भिंतीकडे तोंड करून बसलेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ईश्वरीच्या टाचेतून थेंब घेतला, यंत्रात बघितला आणि लगेच साखरेचं पाणी दिलं. मग विचारलं, “शेवटचं कधी खाल्लं हिनं?”

“काल सांजच्याला,” दत्ता म्हणाला. “रक्त तपासायचं हुतं ना मॅडम, रिकाम्या पोटी आनली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “उपाशी आणायला कोणी सांगितलं?”

दत्तानं रूपालीकडे बघितलं.

“मोठ्या माणसाच्या अंगात रात्र काढायला शिधा असतो. हिच्या अंगात काहीच नाही. एक रात्र हिचा जीव जायला पुरते.” मग माझ्याकडे वळल्या, “साखर कोणी दिली?”

“मी.”

“चांगलं केलं,” एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की पहिला शब्द सलाईन. दत्तानंही तेच मागितलं. बाई म्हणाल्या, “हिच्या अंगात पाणी कमी नाही, चुकीच्या जागी आहे. सलाईन लावलं तर हिचं हृदय ते ओढणार नाही.” मग त्यांनी पोरीच्या रक्ताची नळी मला दाखवली. थोडा वेळ उभी ठेवली की रक्त फाटतं. खाली लाल साका बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, करडीच्या तेलासारखं नितळ. मी जन्मभर रक्त बघितलं. बाळंतपणं केली, विळा लागला, कोंबड्या कापल्या. रक्ताच्या पोटात असं सोनेरी पाणी असतं हे मला म्हातारपणी कळलं.

“या पाण्यात प्रोटीन असतं,” बाई म्हणाल्या. “अंड्यातलं पांढरं असतं ना, तसलंच. त्यातलं अल्ब्युमिन नावाचं जे असतं, ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी नसांतून झिरपून बाहेर जातं आणि पायात, तोंडावर साठतं. तुमच्या पोरीचं निम्म्यावर आलंय.”

“दुसऱ्या कुनाचं दाखवा की,” मी म्हणाले. त्यांनी शेजारची नळी दाखवली, धडधाकट माणसाची. दोन्ही मी उजेडापुढे धरल्या. तसूभर फरक दिसला नाही. तोच रंग, तोच नितळपणा. एकात जीव धरून ठेवायची ताकद आणि दुसऱ्यात नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच. किल्ला बघून मान वर केली होती, ही नळी बघताना मान खाली गेली.

“मंजी डाळ, अंडी दिली असती तर सूज आली नसती?” मी विचारलं.

“बहुतेक नसती आली. पण खरं सांगू का आजी, सारखंच खाणाऱ्या दोन पोरांतलं एक सुजतं आणि एक वाळतं. असं का होतं ते अजून पुरतं कोणालाच माहीत नाही. प्रोटीन कमी होतं हे खरं, पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही.”

एका बाजूला फुगलेली ईश्वरी, दुसऱ्या बाजूला वाळलेला अयान. मला त्या बाईंचं ते ‘माहीत नाही’ फार आवडलं. आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी दत्ता हसतमुखानं आला. हातात मोठा डबा, त्यावर दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्र. “प्रोटीन कमी हाय ना? हे घ्या, निव्वळ प्रोटीन!”

खाला पोट धरून हसली. “अगं माय, तुमचा जावई तर नातीला आखाड्यात उतरवतोय!”

“जावई न्हाई, नातजावई. आन अक्कल त्याच्या घरची,” मी म्हणाले.

बाईंनी डबा कपाटावर ठेवून दिला. जे कमी झालंय तेच लगेच भरून द्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. लिव्हर दमलेलं असतं, त्याला भार सोसत नाही. आधी पातळ, गोडसर दूध, दर दोन तासांनी, वाटीभरही नाही. लोखंडाचं टॉनिकसुद्धा आत्ता नाही. आधी ऊब, मग साखर, मग जंतूंवरचं औषध. पोट भरणं नंतर. हे मला पटायला वेळ लागला. आमच्याकडे उपाशी आला की ताट वाढून देतात. पण पाट फुटलेला असताना मोटर चालू करत नाहीत, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला कळत नाही? तसं म्हटल्यावर दत्तालाही पटलं.

रूपाली वाटी-चमच्यानं दूध पाजायची. पोर तोंड फिरवायची, अर्धं ओघळायचं. तिथल्या नर्सबाई नाकात बारीक नळी घालून उरलेलं द्यायच्या. मी आणि खाला दुपारी व्हरांड्यात जेवायचो. तिचा डबा घरून यायचा. ती आमची शेंगदाण्याची चटणी खायची, मी तिचा दालचा खायचे. दुधी घातलेली डाळच ती. शिपी आमटीपुढे मवाळ लागते. तसं मी तिला सांगितलंही.

“तुमची आमटी म्हंजे औषध,” ती म्हणाली. “प्यायल्यावर माणसाला देव आठवतो.”

आणि मग सूज उतरू लागली. हे मी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. पोर सारखी लघवी करायची. रूपाली लंगोट पिळून पिळून दमली. रोज सकाळी काट्यावर ठेवायचे आणि रोज वजन कमी भरायचं. नर्सबाई खूश व्हायच्या आणि दत्ताचं तोंड उतरायचं. गाल गेले. पावलं गेली. पोरीच्या आतून दुसरीच पोर बाहेर आली, म्हातारीच्या तोंडाची, बरगड्या दिसणारी. तीच खरी ईश्वरी होती, इतके दिवस पाण्याखाली दडलेली.

नेमक्या त्याच वेळी कमळाबाई खर्ड्याहून आल्या. दारातच थांबल्या. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

“ही कुनाची पोर?” त्यांनी विचारलं.

“आपलीच हाय आत्या,” रूपाली म्हणाली.

कमळाबाईंनी कपाळावर हात मारला. “माझी भरलेली पोर आनली आन हाडं ठिवली! दूध देत्यात का पानी? दत्ता, उचल पोरीला. मरायचं आसंल तर घरी मरंल.”

दत्ता उठला. उठला म्हणजे खरोखरच पिशवी भरायला लागला. त्याच्या आईपुढे त्याचं कधी चाललं नाही. रूपाली खाटेच्या पुढे उभी राहिली. डॉक्टरीणबाई दुसरीकडे होत्या. नर्सबाई त्यांना बोलवायला धावल्या.

“ईनबाई,” मी म्हणाले, “पोर भरलेली हुती, पर पान्यानं. पानी गेलं. आता तिच्या पायाला अंगठा लावून बघा, खड्डा पडतो का.”

“तुमी शेळ्यांची डाक्टरकी शेळ्यांना करा!”

“करते. तुमी पथ्याची डाक्टरकी केली, ती बी बघितली सगळ्यांनी.”

हे बोलायला नको होतं असं खाला नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. कमळाबाई मला ओलांडून खाटेशी गेल्या आणि एका हातानं पोरीला उचलू लागल्या. दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं तसंच होतं. गाठ सुटून भाकरीची कड बाहेर आली होती.

ईश्वरीनं हात पुढे केला.

काडीसारखा हात. तिनं भाकरीची कड पकडली, ओढली आणि ती तुटेना म्हणून रडली. किरकिर नाही, मोठ्यानं, रागानं. डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत आम्ही तिला कशासाठीही हात पुढे करताना बघितलं नव्हतं.

कमळाबाई खाटेवर बसल्या. “ही मागती,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “अगं, ही मागती! गोवर निघाल्यापासनं मागितलंच नव्हतं हिनं काय.” मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, “देऊ का ईनबाई?”

“मला काय इचारता? आल्या बगा डाक्टरीणबाई, त्यांना इचारा.”

डॉक्टरीणबाई धावतच आल्या होत्या. त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दोन बोटं चाटवली आणि हसल्या. म्हणाल्या, भूक परत यायचीच आम्ही वाट बघत होतो. आता दूध घट्ट करता येईल. दत्तानं पिशवी रिकामी केली. कमळाबाईंनी कपड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या, कारण त्यानं कोंबले होते.

त्यानंतरचे दिवस सोपे. घट्ट दूध आलं, मग तांदळाची मऊ खिमटी, मग डाळीचं पाणी, मग डाळ, मग उकडलेलं अंडं. वजन पुन्हा वाढू लागलं, या वेळी खरं. रक्त पुन्हा तपासलं तेव्हा प्रोटीन थोडं चढलं होतं. थोडंच. लिव्हर ते कणाकणानं बनवतं, बाई म्हणाल्या, डाळीतून, अंड्यातून, कोणाला दिसत नाही, आवाज होत नाही. आमच्या कारखान्याचं धुराडं कोसावरून दिसतं आणि हा कारखाना बोटभर पोरीच्या बरगडीखाली चालतो. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसायचे. काही कळायचं नाही, पण हात काढवत नसे.

निघताना कमळाबाईंनी बाईंना विचारलं, “आता पथ्य काय?”

“पथ्य एकच,” बाई म्हणाल्या. “हिला पथ्य ठेवायचं नाही.”

कमळाबाईंना ते अवघड गेलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मी तिथूनच श्रीगोंद्याच्या एसटीत बसले. त्या खोलीत आम्ही होतो तेव्हा तीन मुलं होती. ईश्वरी जगली. अयान जगला. कोपऱ्यातल्या खाटेवरची मुलगी जगली नाही.